'रन' म्हणजे फक्त धावणं? मग आपल्या 'लागणे'चं काय?

तारकर्लीला आमच्या शेजारच्या वहिनींनी गेल्या वर्षी घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायला सुरुवात केली. जेवण त्यांच्या हातचं, सोलकढी तर विचारूच नका, अडचण एकच की बाहेरच्या राज्यातले पाहुणे इंग्रजीत मेसेज करतात. वहिनी तो मेसेज फोनवरच्या भाषांतराच्या ॲपमधे टाकतात नि जे मराठी येईल ते वाचून उत्तर देतात. दिवाळीच्या आधी असाच एक मेसेज आला, 'इज देअर रनिंग वॉटर?' ॲपने सांगितलं, 'तिथे धावते पाणी आहे का?' वहिनींना वाटलं, शहरातली माणसं आहेत, त्यांना वाहतं पाणी बघायची हौस असणार. त्या काम टाकून वाडीच्या मागे व्हाळावर गेल्या, दगडांवरून पाणी खळखळताना नीट दिसेल असा फोटो काढला नि पाठवून दिला. पाहुण्यांना विचारायचं होतं एवढंच की बाथरूमच्या नळाला पाणी येतं का. फोटो बघून त्यांना वाटलं असणार की इथे आंघोळीला ओढ्यावर जावं लागतं. त्यांनी दुसरीकडे खोली घेतली.

मी संध्याकाळी घरच्या पडवीत दहावी-बारावीची मुलं नि खोल्या देणाऱ्या चार-पाच बायांना इंग्रजी शिकवते. वहिनी त्या दिवशी आल्या त्या फोन पुढे करूनच. "बाई, रन म्हणजे धावणा ना ओ? शाळेत तर तेवढाच शिकवलेला." मी हो म्हटलं, नि मग म्हटलं की नाही पण. त्यावर बारावीतली एक मुलगी म्हणाली की तिने डिक्शनरीत बघितलंय, रनचे एवढे अर्थ आहेत की पान संपत नाही, मग पाठ करायचे तरी किती? हा प्रश्न मला इतक्या जणांनी इतक्या वेळा विचारलाय की एकदा सगळं नीट लिहूनच काढायचं ठरवलं.

आधी तो आकडा बघू

इंग्रजीचा सगळ्यात मोठा कोश म्हणजे ऑक्सफर्डचा मोठा कोश. तो करायचा विचार लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली झाला, पहिला भाग छापून आला १८८४ ला नि शेवटचा १९२८ ला. १९८९ साली दुसरी आवृत्ती निघाली, वीस खंडांची. त्या आवृत्तीत सगळ्यात लांब नोंद होती 'सेट' या क्रियापदाची, ४३० अर्थ, त्यासाठी साधारण साठ हजार शब्द खर्ची पडले, म्हणजे एका छोट्या कादंबरीएवढा मजकूर एका शब्दावर. पुढे तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं, एकेक शब्द नव्याने तपासायला घेतला, नि 'रन'ची पाळी आली तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे गेला. २०११ साली आलेला आकडा होता ६४५, तोही फक्त क्रियापदाचा, म्हणजे क्रिकेटमधे आपण मोजतो तो रन यात धरलेलाच नाही कारण ते नाम झालं. त्या एका शब्दावर कोशाचे संपादक पीटर गिलिव्हर यांनी नऊ महिने काम केलं.

६४५ ऐकून घाबरायला होतं, पण कोशवाले अर्थ मोजतात कसे ते आधी कळायला हवं. माणूस धावतो तो एक अर्थ, घोडा शर्यतीत धावतो तो वेगळा, घोड्याला शर्यतीत धाववलं तो आणखी वेगळा. जुने झालेले, आता कुणी न वापरणारे अर्थही त्यात असतात. आपल्या घरी मासे कापताना बांगडा दोन तुकड्यांत होतो नि सुरमईच्या तुकड्या पातळ पाडल्या की कितीतरी होतात, मासा मात्र एकच असतो ना, तसंच हे. कोशवाल्यांचं कामच पातळ तुकड्या पाडायचं आहे. बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यात ६४५ कप्पे नसतात.

एका शब्दाला असे एकमेकांशी नातं असलेले बरेच अर्थ असतात त्याला अनेकार्थता म्हणतात. हा जड शब्द एकदा सांगून ठेवला, पुढे फारसा लागणार नाही.

मुळात चित्र एकच

रनच्या पोटात एकच चित्र आहे, काहीतरी सुटलंय नि न अडखळता आपल्या वाटेने पुढे जातंय. माणूस सुटला तर धावला. पाणी सुटलं तर वाहिलं. हा पाण्याचा अर्थ कुणी नंतर चिकटवलेला नाही बरं का, तो धावण्याइतकाच जुना आहे, इंग्रजीची सख्खी बहीण जर्मन, तिच्यात याच कुळातला 'रिनेन' हा शब्द आजही पाणी ओघळतं, ठिबकतं या अर्थानेच वापरतात. म्हणजे 'रनिंग वॉटर' ऐकून वहिनी व्हाळावर गेल्या त्यात त्यांचं काहीच चुकलं नव्हतं, त्या शब्दाच्या मुळाशी जाऊन पोचल्या होत्या. फक्त पाहुण्यांचं पाणी नळातलं होतं.

नाक वाहतं तेही रन. धुताना कपड्याचा रंग जातो, शेजारच्या पांढऱ्या शर्टावर उतरतो तेही रन, कारण रंग पाण्यासारखा सुटला. मग यंत्रं आली. गिरणी, आगगाडी, इंजिन, ही सगळी सुरू झाली की न थांबता फिरत राहतात, म्हणून तीही रन व्हायला लागली, नि गेल्या दोनशे वर्षांत रनचं पोट फुगलं ते मुख्यतः इथे. त्यानंतर कॉम्प्युटर आला तर प्रोग्रामही रन व्हायला लागला. दुकान, कंपनी, शाळा, सरकार, जे जे सुरू राहायला लागतं ते सगळं त्यात गेलं.

आणि रस्ता. 'द रोड रन्स अलाँग द कोस्ट.' रेवस ते रेडीचा सागरी मार्ग डोळ्यासमोर आणा. रस्ता काही हलत नाही, हलते ती आपली नजर, पण इंग्रज म्हणतो रस्ता धावतोय. हसू नका, आपण तरी काय म्हणतो, 'हा रस्ता देवबागला जातो.' कधी गेलाय तो?

आता एक गोष्ट जी शाळेत मला कुणी सांगितली नव्हती नि कळल्यावर खूप गाठी सुटल्या. जुन्या इंग्रजीत दोन वेगवेगळी क्रियापदं होती, एक स्वतः धावण्याचं नि एक दुसऱ्याला धावायला लावण्याचं. आपल्याकडे पळणे नि पळवणे, चालणे नि चालवणे आहे ना, तशी जोडी. पुढे घासून घासून, नि उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांचे तसलेच शब्द मधे मिसळून, दोन्हींचं एकच रूप झालं, रन. म्हणून 'द शॉप रन्स वेल' म्हणजे दुकान छान चालतं नि 'शी रन्स द शॉप' म्हणजे ती दुकान चालवते. आपण 'व' घालून फरक दाखवतो, इंग्रजीने तो 'व' हरवला नि दोघांचं ओझं एकाच शब्दावर पडलं. इंजिन रन होतं नि मेकॅनिक इंजिन रन करतो.

इतके अर्थ म्हणजे डोक्याला ताप नाही का?

या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी एसटी स्टँडवर नेऊन देते.

मालवणच्या स्टँडवर सकाळची वेळ. बाकावर एक बाई, दोन पिशव्या, मांडीला टेकून एक पोर. कुणीतरी ओरडतं, "कणकवली गाडी लागली!" नि बाकावरचे निम्मे लोक उठतात. म्हणजे गाडी फलाटाला येऊन उभी राहिली. बाई पोराला पुढे घालून चढते नि खिडकीत बसलेल्या माणसाला म्हणते, "जरा खिडकी देता का, याला गाडी लागते." तो माणूस लगेच सरकतो. पोराच्या मुठीत लिंबू असतं, आईने घरूनच दिलेलं. आता बघा, दोन मिनिटांत तेच दोन शब्द दोनदा आले, गाडी नि लागणे. एकदा अर्थ झाला गाडी उभी राहिली, एकदा झाला मळमळतं, नि अख्ख्या स्टँडवर एकही माणूस गोंधळला नाही. कुणी पोराकडे बघून असं विचारलं नाही की याला गाडी लागते म्हणजे गाडीने धक्का मारला का.

असं का झालं? कारण दुसऱ्या वाक्यात 'याला' होतं. नुसती 'गाडी लागली' म्हणजे फलाटाला, 'कुणाला तरी' लागली म्हणजे पोटात ढवळलं. तो एवढासा 'ला' सगळं काम करून गेला. बोटीचंही तसंच. पूर्वी मुंबईची माणसं बोटीने कोकणात यायची तेव्हाचे म्हातारे अजून सांगतात, बोट बंदराला लागली की जीव भांड्यात पडायचा कारण येताना सगळ्यांना बोट लागलेली असायची.

आता परक्या माणसाला लागणे शिकवायला बसा. भूक लागते, ठेच लागते, आग लागते, डोळा लागतो नि नजरही लागते, पण डोळा लागला तर झोप नि नजर लागली तर मीठमोहऱ्या ओवाळायच्या. दहावीचा निकाल लागतो. मुलगा कामाला लागतो किंवा नादाला लागतो. कलमाला कैऱ्या लागतात, मासा गळाला लागतो, कढीत मीठ कमी लागतं, शहरात जायला दोन तास लागतात नि दोनशे रुपये लागतात, जाऊबाईंचं बोलणं मनाला लागतं, ती बाई माझी मावशी लागते. मिरगाला पाऊस लागतो. पोर रडू लागतं, मग त्याला घ्यावं लागतं. हे मी एका दमात लिहिलं, अजून दहा-पंधरा तरी सहज निघतील, नि यातलं एकही तुम्ही पाठ केलेलं नाही.

मोल्सवर्थ नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने आपल्या शास्त्र्यांना हाताशी धरून मराठी-इंग्रजी कोश केला, पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची, म्हणजे तिकडे लंडनात ऑक्सफर्डच्या कोशाची नुसती चर्चा सुरू झाली त्याच वर्षी इकडे मराठीचा सुधारलेला कोश छापून हातात होता. त्यात लागणें उघडून बघा, अर्थांची रांग लागलेली आहे. बघा, रांगही लागते.

लागणेच्या पोटातलं चित्रही एकच आहे, एक वस्तू दुसरीला जाऊन टेकली, चिकटली. संस्कृतातला लग् हा धातू, त्यातूनच लग्नही आलं. आग येऊन चिकटते, भूक येऊन चिकटते, मावशीचं नातं चिकटलेलं असतं. आपण हे कधी असं उलगडून बघत नाही, बघायची गरजच पडत नाही, लहानपणापासून वाक्यं कानावर पडली नि शब्द कुणाच्या शेजारी बसतो ते आपोआप कळलं. शब्द कुणाच्या शेजारी बसतो, याला मी वर्गात 'सोबत' म्हणते. अर्थ शब्दात थोडा असतो नि सोबतीत जास्त असतो.

इंग्रज धावतो तिथे आपण चालतो

रनला धावणे हा शब्द लावून आपण फसतो ते इथे. आपलं घड्याळ चालतं, इंजिन चालतं, दुकान चालतं, नाटक चालतं, कोर्टात केस वर्षानुवर्षं चालते, संसार कसाबसा का होईना चालतो. इंग्रजीत यातलं जवळजवळ सगळं रन होतं. म्हणजे रनचा मराठी जोडीदार शोधायचाच तर धावणे नाही, चालणे हा जास्त जवळचा. पाणी असेल तर वाहणे. ताप असेल तर काहीच नाही, 'शी इज रनिंग अ फीवर' म्हणजे तिच्या अंगात ताप आहे, ताप धावत नाही.

सगळ्यात मजेशीर निवडणुकीचं. अमेरिकेत उमेदवार निवडणुकीसाठी 'रन' करतो, धावतो. ब्रिटनमधे मात्र 'स्टँड' करतो, उभा राहतो. म्हणजे एकाच भाषेची दोन घरं नि एकाच कामासाठी एक धावतंय, एक उभं आहे. आपल्या ग्रामपंचायतीला माणूस उभाच राहतो, म्हणजे या बाबतीत आपण ब्रिटनच्या बाजूला.

छापील मराठीत मात्र गाड्या धावतात. 'कोकण रेल्वेमार्गावर गणपतीसाठी जादा गाड्या धावणार' असं दरवर्षी पेपरात येतं. स्टेशनवर उभा असलेला माणूस तसं बोलत नाही, तो विचारतो गाडी सुटली का, गाडी कुठवर आली, गाडी चालू आहे ना. लिहायची भाषा नि बोलायची भाषा यात एवढा फरक आपल्याच भाषेत आहे, हे मुलांना मी मुद्दाम दाखवते.

आणि रन आपल्याला परका आहे असंही नाही, आपण तो केव्हाच घरात घेतलाय. जुनी बाइक बघायला गेलं की पहिला प्रश्न 'रनिंग किती झालंय?' आमच्या चिऱ्याच्या कंपाउंडचं काम चालू होतं तेव्हा गवंडी टेप धरून सांगायचा, "बाई, ह्या रनिंग फुटावर धरतंव." म्हणजे उंची-जाडी बाजूला ठेवून भिंत सरळ लांबीला किती फूट गेली ते मोजायचं. तो गवंडी चौथी शिकलेला, त्याला विचारलं असतं रनचा अर्थ सांग तर धावणं म्हणाला असता, पण 'भिंत सलग पुढे जाते' हा अर्थ त्याच्या टेपमधे होता. मे महिना संपला की मासेमारीची बंदी लागते, १ जून ते ३१ जुलै, होड्या वर ओढून ठेवतात, नि ऑगस्ट जवळ आला की मेकॅनिकला बोलावतात, तो म्हणतो थोडा वेळ इंजिन रन होऊ दे, आवाज ऐकू दे. तिथे कुणाला भाषांतर लागत नाही.

मागे छोटा शब्द लागला की

रनच्या मागे आउट, इनटू, ओव्हर, अवे असले छोटे शब्द लागतात नि अर्थ एकदम कुठच्या कुठे जातो. इंग्रजी व्याकरणात त्याला फ्रेझल व्हर्ब म्हणतात. मुलांना याची सगळ्यात जास्त भीती.

किनाऱ्यावर क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना रन आउट माहीत आहे, धावबाद. मग 'वी हॅव रन आउट ऑफ डिझेल' आलं की पोरगा विचारतो कोण धावबाद झाला. कुणी नाही, डिझेल संपलं. पिंपातून धार सुटली नि बाहेर पडून पडून तळ लागला, असं डोळ्यासमोर आणलं की पटतं. 'रन इनटू समवन' म्हणजे कुणीतरी अचानक भेटलं, वाटेत समोरासमोर आलो. 'रन ओव्हर' म्हणजे अंगावरून गाडी गेली, इथे मात्र चूक करू नका, पाहुण्याला भेटल्याचं सांगताना ओव्हर वापरलं तर पोलीस येतील. 'रन अग्राउंड' म्हणजे होडी रेतीवर बसली, देवबागच्या टोकाला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे रेतीचे पट्टे सारखे जागा बदलतात, तिथल्या माणसाला हा शब्द एकदा सांगितला की जन्मात विसरणार नाही.

आपल्याकडेही हे आहे, फक्त आपण दुसरं क्रियापद जोडतो. 'त्याने जमीन विकली' ही बातमी झाली. 'विकून टाकली' म्हटलं की सुटला एकदाचा. 'विकून बसला' म्हटलं की आता पस्तावतोय. टाकणे नि बसणे यांचा मूळ अर्थ इथे कुणी शोधत नाही, जोडी म्हणूनच ऐकतो.

मग समानार्थी शब्द पाठ केले तर?

परीक्षेला समानार्थी शब्द विचारतात म्हणून मुलं यादी करतात, रन म्हणजे स्प्रिंट, जॉग, डॅश, फ्ली, फ्लो, ऑपरेट, मॅनेज. नि मग निबंधात जिथे रन आलाय तिथे यादीतला भारी दिसणारा शब्द उचलून ठेवतात. 'माय नोज इज ऑपरेटिंग' असं मी खरंच एका वहीत वाचलंय. त्या मुलाची मेहनत बघून मला रागवायला जमलं नाही, कारण त्याला यादी दिली होती ती सोबतीशिवाय.

धावणे नि पळणे समानार्थी आहेत ना? 'शेजारच्या घरात आग लागली तेव्हा ती धावून गेली.' आता धावूनच्या जागी पळून घाला. ती पळून गेली म्हटलं की गावात दुसरीच चर्चा सुरू होईल. एका अक्षरसमूहाने मदतीला गेलेली बाई घर सोडून गेलेली झाली. देव भक्ताच्या हाकेला धावतो, पळत नाही. चोर पळतो, धावला तरी पळालाच म्हणायचं. मूळ हालचाल तीच, पण धावण्यात तोंड कशाकडे तरी आहे नि पळण्यात पाठ कशाला तरी आहे. इंग्रजीत हेच फ्लीचं, फ्ली म्हणजे पळून जाणं, जीव वाचवायला. स्प्रिंट म्हणजे जीव तोडून थोडंच अंतर, जॉग म्हणजे सकाळी किनाऱ्यावर पाहुणे करतात ते.

ऑपरेट, मॅनेज, फंक्शन यांची गोष्ट वेगळी. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं, त्यानंतर राज्याची, कोर्टाची, मोठ्या लोकांची भाषा फ्रेंच झाली, पुढे विद्वानांनी लॅटिनमधून भराभर शब्द घेतले. शेतातल्या नि चुलीजवळच्या माणसाचा शब्द मात्र जुनाच राहिला. म्हणून इंग्रजीत एकाच कामाला बऱ्याचदा एक घरगुती शब्द असतो नि एक इस्त्रीचा. मॅनेज तर मूळ इटालियनमधला, घोडा हाताळण्याचा शब्द. आपल्याला यात नवल वाटायला नको, आपण घरात जेवतो, पत्रिकेत भोजन करतो, औषधाच्या बाटलीवर सेवन करतो, नि राग आला की आई म्हणते गिळ आता. चारही एकाच ताटाबद्दल. वहिनी 'आय रन अ होमस्टे' म्हणाल्या तर पाहुण्याला वाटतं घरच्या बाईशी बोलतोय, 'आय ऑपरेट अ होमस्टे' म्हटलं तर सरकारी फॉर्म वाचल्यासारखं वाटतं. चूक दोन्ही नाही. पण मला विचाराल तर वहिनींनी पहिलंच म्हणावं, त्यांच्या हातच्या जेवणाला तेच शोभतं.

पण ॲप आहे ना आता?

आहे, नि ते दिवसेंदिवस सुधारतंय, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. ते ॲपही सोबतच बघतं, आजूबाजूचे शब्द बघून ठरवतं की कुठला अर्थ घ्यायचा. पूर्ण वाक्य, पूर्ण परिच्छेद दिला तर बऱ्यापैकी बरोबर देतं. तीन-चार शब्दांच्या मेसेजमधे सोबतच कमी, त्यामुळे अंदाज चुकतो. म्हणून मी बायांना सांगते, मेसेज एकटा टाकू नका, आधीचे दोन मेसेजही बरोबर टाका, म्हणजे खोलीबद्दल बोलणं चाललंय हे त्याला कळेल.

हा प्रश्न फोनबरोबर आलेला नाही. आपल्या जुन्या शास्त्रकारांचं एक आवडतं उदाहरण आहे, 'सैन्धव आण'. सैन्धव म्हणजे सिंधू देशातलं, त्याचे दोन अर्थ, मीठ नि घोडा. मालक पानावर बसलाय नि सैन्धव आण म्हणाला तर मीठ न्यायचं, बाहेर निघायच्या तयारीत उभा आहे नि म्हणाला तर घोडा. तेच दोन शब्द, ठरवायचं ते प्रसंगावरून. अमरकोशात तर एकीकडे एका वस्तूची अनेक नावं दिलीत नि तिसऱ्या कांडात नानार्थवर्ग म्हणून एका शब्दाचे अनेक अर्थ वेगळे काढून ठेवलेत. दोन्ही बाजू तेव्हापासून माहीत आहेत. जेवणाच्या पानावर घोडा आणणारा नोकर शब्दाचा अर्थ जाणत होता, पान बघत नव्हता.

कुणी म्हणेल, मग एकेका अर्थाला एकेक वेगळा शब्द का नाही केला, सगळं स्वच्छ झालं असतं. करून बघा. लागणेचे वर लिहिलेले सगळे अर्थ घ्या नि प्रत्येकाला नवा शब्द द्या, पोराला बोलायला शिकायलाच दहा वर्षं लागतील. दाराजवळ अडकवलेल्या कोयत्याने आपण नारळ सोलतो, झावळी तोडतो, चुलीला लाकूड फोडतो, वेळ आली तर वाटेवरची वेलही तोडतो. प्रत्येकाला वेगळं हत्यार ठेवलं तर ते शोधण्यातच दुपार जाईल. भाषेत जे शब्द असे दाराजवळ लटकलेले असतात, लहान, हाताशी, रोजचे, त्यांच्यावरच जास्त कामं पडतात. रन, सेट, गेट, गो इंग्रजीत, नि लागणे, घालणे, मारणे, बसणे आपल्याकडे.

वहीत काय लिहायचं

माझ्या पडवीत आता रनची यादी कुणी करत नाही. एका पानावर एकच वाक्य लिहायचं, तेही स्वतःच्या दिवसातलं, नि खाली आपण ते मराठीत कसं म्हणू ते. 'द टॅप इज रनिंग', खाली 'नळ चालू राहिलाय'. 'वी आर रनिंग लेट', खाली 'आम्हाला उशीर होतोय'. 'हू रन्स धिस प्लेस?', खाली 'हे कुणाचं आहे, कोण बघतं?' खालच्या ओळीत धावणे आलं तर मी लाल पेनाने गोल करते नि विचारते, इथे खरंच कुणी धावतंय का? महिन्याला पंधरा-वीस वाक्यं होतात. ६४५ पैकी एवढ्यातच रोजचं बहुतेक सगळं निभावतं, हे मी मुलांबरोबर करून बघितलंय.

परीक्षेवाल्यांसाठी एवढंच, समानार्थी शब्द विचारला असेल तर आधी दिलेलं वाक्य वाचा, नुसता ठळक शब्द वाचू नका. वाक्यात नळ असेल तर फ्लो, दुकान असेल तर मॅनेज, चोर असेल तर फ्ली.

वहिनींच्या वहीत आता अशी एकतीस पानं झालीत. परवा जूनच्या पहिल्या आठवड्यात मी त्यांच्याकडे ताक प्यायला बसले होते तेव्हा मेसेज आला, 'आर द बोट्स टू द फोर्ट रनिंग?' त्यांनी ॲप उघडलंच नाही. बाहेर पाऊस लागलेला, समुद्र गढूळ, किल्ल्याच्या होड्या केव्हाच बंद झालेल्या. त्यांनी चष्मा लावून सावकाश एकेक अक्षर टाइप केलं, 'नॉट रनिंग नाऊ. मॉन्सून. कम आफ्टर गणपती.' मग पाठवायच्या आधी फोन माझ्यापुढे धरला नि विचारलं, "बाई, पाणी आसा म्हणान पण लिवू? रनिंग वॉटर, नळाचा?"